एकदाच विचारलं

पिशोरकडच्या पंगतीत वाढप्याची परीक्षा एकाच गोष्टीत होते. जेवणाऱ्यानं ताटावर आडवा हात धरून "नको, नको" म्हटलं आणि वाढपी खरोखरच पुढच्या ताटाकडे सरकला, तर त्याच्या हाती पुन्हा बुंदीची बादली कुणी देत नाही. पहिलं नको रीतीचं असतं. दुसऱ्या नकोच्या वेळी माणूस विचारात पडलेला असतो. तिसऱ्यांदा विचारल्यावर जे येईल ते खरं, आणि तोवर बहुधा बुंदी पडलेलीच असते. ज्याला एवढंही कळत नाही त्याला तिकडे शिकलेला म्हणतात.

संध्याला हे कळत होतं. तिचं माहेर दौलताबादचं, घर शेतकऱ्याचं, रीत सगळी तीच. लग्न होऊन पिशोरला आली तेव्हा पहिल्याच जेवणाला तिनं एका भाकरीवर हात आडवा धरला. पोटात कावळे ओरडत होते, पण नव्या नवरीनं दुसरी भाकरी घेतली तर माहेरची अब्रू जायची. तेव्हा तिची सासू, सारजाबाई, चुलीपुढून उठली, संध्याच्या हाताखालून अर्धी भाकरी हळूच सरकवली आणि म्हणाली, "तुझ्या नकोचं मला काय सांगतीस माय? म्या बी सूनच व्हते."

त्या दिवसापासून या बाईनं सुनेचं पहिलं नको कधी खरं मानलं नाही. तापात "चहा नको" म्हटलं तरी उशाशी चहा यायचा. बाळंतपणात "झाली माझी झोप" म्हटलं तरी रडणारी श्रेया तिच्या कुशीतून उचलून नेली जायची. संध्याला कधी काही मागावं लागलंच नाही.

सारजाबाई वाईट असती तर संध्याचं फार बरं झालं असतं. वाईट सासूबद्दल चारचौघींत बोलता येतं, मन मोकळं होतं, वर सहानुभूतीही मिळते. चांगल्या सासूचा कंटाळा आला तर तो कुठं नेऊन टाकायचा? सासरे कडूबा वारल्यावर संध्याच्या नवऱ्यानं, गोकुळनं, आईला पिशोरहून शहरातल्या हर्सूलच्या घरी आणलं, आणि तेव्हापासून हे कुटुंब जिथं गेलं तिथं सारजाबाई गेली. गाडीत मागे बसलं की तिला मळमळायचं, म्हणून गोकुळशेजारची पुढची सीट तिची. वेरूळ असो, शिर्डी असो, संध्यानं सगळा मुलूख सासूच्या अंबाड्याच्या दोन बाजूंनी पाहिला. नवऱ्याशी बोलायचं तर मान पुढे काढून बोलायचं, आणि मध्येच "काय म्हणती गं?" आलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. महाबळेश्वरला सगळे सूर्यास्त बघायला उभे राहिले आणि नेमकी तेव्हाच सारजाबाईला बाथरूमची घाई झाली. सूर्य बुडाला तेव्हा संध्या एका हॉटेलवाल्याच्या हातापाया पडत होती.

बोटीचं खूळ गोकुळच्या डोक्यात शिरलं ते वाळूजच्या कंपनीत. त्याचा एक जोडीदार जाऊन आला होता आणि जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवरचे फोटो संपतच नव्हते. मुंबईहून निघायचं, गोवा करून परत यायचं. राहणं बोटीत, खाणं बोटीत, पोहायचा हौद बोटीत, गाणीबजावणीही बोटीत. टीव्ही सेंटर चौकात प्रणयचं ट्रॅव्हल्सचं ऑफिस होतं. पोरगा गोकुळच्याच तालुक्यातला. त्यानं दोघांना बसवून चहा पाजला आणि खोलीचं चित्र दाखवलं. खाली दोन पलंग, वर भिंतीतून उघडणारे दोन.

"चौघांची खोली आहे दादा. पाचवं माणूस असलं तर दुसरी खोली घ्यावी लागंल."

"घेऊ की," गोकुळ म्हणाला. "माय आणि श्रेया एकीत झोपतील." बाहेर पडल्यावर तो संध्याला म्हणाला, "तूच विचार मायला. मी विचारलं तर खर्चाचं काढून मला उडवून लावील. तुम्ही दोघी नीट बोलता."

संध्याच्या मनात काय होतं ते आत्ताच सांगून टाकलेलं बरं. त्या चित्रात खोलीला एक गोल खिडकी होती आणि खिडकीबाहेर नुसतं पाणी. त्या खिडकीशी आपण आणि गोकुळ उभे आहोत आणि मागून कुणी "काय म्हणती गं?" विचारत नाही, एवढंच तिला हवं होतं. आयुष्यात एकदा. आता कुणी म्हणेल, एवढंच होतं तर नवऱ्याला सांगायचं. पण तुझ्या चांगल्या आईला या खेपेला घरी ठेवू या, हे वाक्य तोंडातून काढायचं कसं? तिनं बरेचदा मनात जुळवून पाहिलं. कसंही जुळवलं तरी ते वाईटच दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिनं विचारलं. ती जवळच्याच एका शाळेत पहिली-दुसरीला शिकवायची. सारजाबाई स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होती. संध्यानं कुकर चढवला, गॅस पेटवला आणि पाठमोरीच म्हणाली, "आत्याबाई, दिवाळीच्या सुट्टीत बोटीनं गोव्याला जायचं म्हणताहेत हे. तुम्ही येणार का?"

मेथी खुडण्याचा आवाज थांबला. संध्यानं मान वळवली. सारजाबाईचा चेहरा असा उजळला होता, जणू एखाद्या पोरीपुढं कुणी जत्रेचं नाव काढलं. लगेच तिनं तो आवरला, पदर सारखा केला आणि रीतीप्रमाणे म्हणाली, "मी कुठं येऊ माय आता त्या पाण्यात? तुमी जा की पोरायला घिऊन."

यापुढं संध्यानं म्हणायचं होतं, असं कसं, तुम्हाला सोडून आम्ही जाऊ का? मग सारजाबाई म्हणाली असती, म्हातारीचं लोढणं कशाला गळ्यात घेतीस? मग संध्या म्हणाली असती, काही नाही, तुम्ही यायचंच. आणि सारजाबाई मेथीकडे बघत म्हणाली असती, बघू मंग. बघू म्हणजे हो. दोघींनाही हे सगळं तोंडपाठ होतं.

"बरं," संध्या म्हणाली आणि कुकरला शिट्टी लावायला वळली.

संध्याकाळी गोकुळनं बूट काढता काढता विचारलं, "काय म्हणाली माय?"

"नाही म्हणाल्या."

"का?"

इथं गप्प बसली असती तरी निभावलं असतं. पण तो हातात बूट घेऊन उत्तराची वाट बघत उभा राहिला आणि संध्याच्या तोंडून निघून गेलं, "पाण्याची भीती वाटते म्हणे."

"मायला?" गोकुळ खो खो हसला. "अगं, लुगडं खोचून विहिरीत मुटका मारायची ती. मला पोहायला कुणी शिकवलं? तिनंच."

"तेव्हाचं तेव्हा. आता वय झालं ना त्यांचं."

आईशी आपणच एकदा बोलावं असं गोकुळच्या मनात आलं होतं. पण त्याची दुसरी पाळी लागली. तो यायचा तेव्हा ती झोपलेली असायची. शिवाय संध्यानं विचारलंय म्हणजे नीटच विचारलं असणार, असं तो धरून चालला. त्याच आठवड्यात चौघांची एक खोली नक्की झाली.

घरात मग बोटीशिवाय दुसरा विषय राहिला नाही. सारजाबाई सगळं ऐकायची, पण विचारायची ते आडून. "काय रं शिवराज, लई हालती का रं ती बोट?" शिवराज पाचवीतला; तो दोन्ही हात पसरून अख्खा हॉल डोलवून दाखवायचा. "आन् मळमळलं तर?" "गोळी असते आजी." "आसं व्हय," म्हणून ती उठून जायची. पुढच्या खेपेला वाण्याकडून तिनं ओवा जरा जास्तच आणवला आणि भाजून डबीत भरून ठेवला. संध्यानं ती डबी पाहिली आणि ओवा काय, घरात लागतोच, असं स्वतःला सांगितलं.

दसरा झाल्यावर संध्या दळण आणायला गिरणीवर गेली, तर तिथं भामाबाई भेटली. ही मागच्या गल्लीतली, सारजाबाईची मैत्रीण. दोघी रोज संध्याकाळी कॉलनीच्या बागेत जाऊन बसायच्या.

"तुझ्या सासूला आवर बाई," भामाबाई तोंडाला पदर लावून हसू लागली. "रोज झोक्यावर बसती! पोरं रांग लावून हुबी, आन् ही उतरायचं नाव घेत नाय. म्या म्हणलं, सारजाबाई, या वयात शोभतंय का? तर म्हणती, बोट अशीच हालती म्हणं, सवय करून ठिवते. पहिल्या दिशी असं गरगरलं तिला, बाकड्यावर आडवी झाली व्हती. पण हट लई. आता डोळे झाकून बी बसती."

संध्यानं विचारलं, "त्या म्हणाल्या का तुम्हाला, येणार आहे म्हणून?"

"तसं कुठं म्हणती? म्या इचारलं, ठरलं का मंग तुमचं? तर म्हणती, सुनंनं एकडाव इचारलंय. लगीच व्हय म्हणलं तर म्हणंल, म्हातारी टपूनच बसली व्हती. इचारंल की आजून. माझी सून हाय ती, तिला समदं कळतं."

पिठाचा गरम डबा घेऊन संध्या बाहेर आली. शेवटचं वाक्य तिच्या मागं लागलं ते लागलंच. खरं होतं ते. तिला समदं कळत होतं. न कळून चुकली असती तर जाऊन पाय धरता आले असते. कळून सवरून म्हटलेल्या त्या "बरं"चं आता काय करायचं?

रस्त्यातच डबा एका दुकानाच्या पायरीवर ठेवून तिनं प्रणयला फोन लावला.

"फुल झालंय वहिनी सगळं. पण थांबा, आजच एकानं खोली सोडलीय, दोघांची. पाहिजे तर संध्याकाळपर्यंत सांगा, नंतर माझ्या हातात नाही."

"सांगते," संध्या म्हणाली. आज गोकुळला सगळं सांगायचं, असं ठरवूनच ती घरी आली.

गोकुळला त्या दिवशी सुट्टी होती. तो गुलमंडीवरून आला तो हातात एक मोठ्या काठाची टोपी घेऊन. स्वयंपाकघरात येऊन त्यानं ती स्वतःच्या हातानं संध्याच्या डोक्यावर ठेवली आणि दोन पावलं मागं सरकून पाहिली. "बोटीवर वर ऊन असतं म्हणे. पोरं पोहत बसतील, आपण दोघं खुर्च्या टाकून बसू." मग जरा आवाज उतरवून म्हणाला, "लग्न झाल्यापासून आपण दोघं असे कुठं गेलोच नाही गं."

हेच वाक्य ऐकायला संध्यानं किती वर्षं काढली होती. आता तोंड उघडायचं म्हणजे आधी सांगायचं की मी तुझ्याशी खोटं बोलले, आणि मग ही टोपी काढून ठेवायची. तिनं ठरवलं, जेवणं होऊ दे. जेवणं झाली. मग ठरवलं, भांडी होऊ दे. प्रणय काय, ओळखीचा आहे, थांबेल थोडा.

सकाळी तिनं फोन केला तेव्हा प्रणय म्हणाला, "गेली वहिनी, कालच गेली."

खरं सांगायचं तर तिला आधी हायसं वाटलं. आता आपल्या हातात काही उरलं नाही, असं वाटून सुटल्यासारखं झालं. आणि मग त्या हायसं वाटण्याचीच तिला किळस आली.

दिवाळीच्या तोंडावर घरात करंज्यांचा घाट घातला होता. हॉलमध्येच पेपर पसरून सारजाबाई पाऱ्या लाटत होती, गोकुळ सारण भरत होता, म्हणजे थोडं भरत होता आणि बरंच खात होता. संध्या आत तळत होती. दारातून सगळं दिसत होतं. श्रेया मोबाइल घेऊन आजीला चिकटून बसली.

"हे बघ आजी, आमची खोली. हा पप्पांचा बेड, हा मम्मीचा, वरती मी आणि शिवराज."

पिठाचे हात बाजूला धरून सारजाबाईनं मान पुढं काढली आणि नीट पाहिलं. "चारच हायेत व्हय?"

"मग आजी कुठं झोपणार?" शिवराजनं विचारलं. त्या घरात सरळ प्रश्न विचारणारा तो एकटाच होता.

"आजी येत नाही रे," गोकुळ म्हणाला. "तिला पाण्याची भीती वाटते. माय, संध्यानं सांगितलं तेव्हा मला तर खरंच वाटेना. मुटके मारणारी तू, आणि तुला भीती?"

संध्या कढईपुढं झारा घेऊन उभी होती. आता एक शब्द, "म्या कवा म्हणले?" एवढा एक शब्द, की सगळं उघडं पडणार होतं. आणि ते पडावं असंही तिला त्या क्षणी वाटलं.

सारजाबाईनं दारातून सुनेकडे पाहिलं, एकदाच. रागानं नाही पाहिलं. ताटावरच्या आडव्या हाताखाली काय आहे ते ती जशी इतकी वर्षं ओळखत आली होती, तसंच तिनं हेही ओळखलं.

"व्हय रं," ती मुलाला म्हणाली. "आता वाटती भीती. संध्यानं चांगलं इचारलं व्हतं मला, मीच नाय म्हणले." आणि तिनं पुढची पारी लाटायला घेतली.

कढईतली करंजी फुटली, सारण तेलभर झालं. संध्यानं सगळं तेल गाळून पुन्हा चढवलं, तरी त्या दिवशीच्या उरलेल्या करंज्यांना काळे डाग पडलेच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भामाबाई बागेत जायला बोलवायला आली, तर सारजाबाई गुडघा दुखतो म्हणून गेली नाही. संध्या सगळं काम टाकून तिच्यापुढं खाली बसली.

"आत्याबाई, तुम्ही चला. माझ्या जागी जा. प्रणयला सांगून नाव बदलून घेते मी."

"नगं माय."

"मला कळत होतं. तुम्ही उगाच नाही म्हणालात ते मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी..." तिनं सासूच्या गुडघ्यावर हात ठेवला. "चला ना आत्याबाई."

"नगं."

"तिसऱ्यांदा विचारते."

सारजाबाई हसली. संध्याचा हात तिनं आपल्या खरबरीत हातात घेतला. "झालं की मंग तीनदा. आता खरंच नाय." तो हात थोपटत ती म्हणाली, "तुला बी कवा मोकळं हिंडायला मिळालं नाय. म्या सारखी म्होरं बसलेली. दिसत नाय का मला? तू मागून नवऱ्याशी बोलाया जायचीस आन् मला आइकू यायचं नाय, मंग म्या इचारायची. कळायचं बाई. पण मागं बसलं की वकारी यायची, काय करू?"

संध्या मान खाली घालून रडू लागली.

"मला नुसतं म्हणायचं व्हतं, आत्याबाई, या डावाला तुमी ऱ्हावा. म्या राह्यले असते. खरंच राह्यले असते." तिनं संध्याचा हात सोडला. "माझ्या तोंडी खोटं कशाला घातलं माय?"

"मी सांगते ह्यांना. आजच सांगते."

"त्याला कशाला? त्याला सुखानं जाऊ दे. सणाचं घर हाय." ती उठली. "आता इचारू नगं. आन् रडू बी नगं, पोरं येतील."

भाऊबीज झाल्यावर ते निघाले. सारजाबाईनं पहाटे उठून धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी केली, आणि तिथं काय मिळतं न मिळतं म्हणून सगळं फडक्यात बांधून दिलं. मागं घरी तिच्या सोबतीला भामाबाई राहायला येणार होती. चौघांच्या हातावर सारजाबाईनं दही घातलं. संध्या पाया पडली तेव्हा तिच्या हातात भाजलेल्या ओव्याची डबी ठेवून म्हणाली, "पोरायला मळमळलं तर ऱ्हाऊ दे."

पुढच्या सीटवर संध्या बसली. सीट मागं झुकवलेली होती आणि पाठीला सारजाबाईची उशी तशीच होती. समृद्धीवर गाडी लागल्यावर गोकुळ खूप बोलला, कंपनीचं, पोरांचं, पुढच्या वर्षी कुठं जायचं त्याचं. संध्या हूं हूं करत होती. मागून कुणीच काही विचारलं नाही.

बोट खरंच फोटोतल्यासारखी निघाली. खोलीला गोल खिडकी होती. बोट सुटल्यावर गोकुळनं तिला खिडकीशी बोलावलं, खांद्यावर हात ठेवला, आणि दोघं बाहेरचं पाणी बघत उभे राहिले. हवं होतं ते सगळं मिळालं होतं. ती मनात म्हणत होती, आता तरी बरं वाट. आणि तिला काही केल्या बरं वाटत नव्हतं.

किनारा दिसत होता तोवर फोन लागत होता. शिवराजनं आजीला व्हिडिओ कॉल लावला आणि वरच्या मजल्यावर सगळीकडे धावत तिला समुद्र दाखवला. छोट्या पडद्यात सारजाबाई आणि भामाबाई डोक्याला डोकं लावून बघत होत्या.

"हालती का रं लई?" सारजाबाईनं विचारलं.

"नाही ना आजी! कळत पण नाही. घरात बसल्यासारखंच आहे."

"आसं व्हय," सारजाबाई म्हणाली. ती काही वेळ पाण्याकडे बघत राहिली. "मंग लई चांगलं."

गोकुळनं फोन आपल्याकडे वळवला. "बघ माय, उगाच घाबरलीस तू. आली असतीस तर!"

"व्हय रं बाबा. उगंच घाबरले." ती काहीतरी आणखी म्हणाली, पण तोवर फोन तुटला. शिवराजनं पुन्हा लावून पाहिला, लागला नाही.

जेवायला मोठं दालन होतं, पांढऱ्या टेबलक्लॉथची टेबलं होती. धपाट्यांचं फडकं खोलीतच राहिलं. इथं कसं उघडायचं, असं श्रेयाला वाटलं. संध्यानं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. एक रोटी संपली तेव्हा तिला जाणवलं की आपल्याला चांगलीच भूक लागली आहे. तेवढ्यात एक पोऱ्या गणवेशातला, हसऱ्या तोंडाचा, गरम रोट्यांची टोपली घेऊन तिच्याशेजारी आला. "मॅडम, रोटी?"

सवयीनं तिनं ताटावर हात आडवा धरला. "नको," ती म्हणाली.

"थँक यू मॅडम," म्हणून तो पुढच्या टेबलाकडे गेला. त्याचं काही चुकलं नव्हतं. त्यानं विचारलं होतं, तिनं नको म्हटलं होतं.

गोकुळ पोरांना दुसऱ्या दिवशीचं सांगत होता. संध्या ताटावर हात तसाच धरून बसली होती. हाताखालून कुणी काही सरकवलं नाही.